नळाला जोर नाही, की वाट नाही?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात कविता लिहावी, फार तर एखादे प्रवासवर्णन लिहावे, अशी आपल्याकडची रीत आहे. त्यामुळे नळावरचा हा लेख पाहून काही मित्र हसतील. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या अंगणातल्या नळाने घरात आणि शेजारात जे काही घडवून आणले, ते पाहिल्यावर या विषयाला कमी लेखण्याची माझी हिंमत राहिली नाही.

आमच्या घरी दोन नळ आहेत, एक न्हाणीत आणि दुसरा अंगणात. पिण्याचे पाणी, तुळस, गायीची टाकी, सडा, सगळे अंगणातल्या नळावर अवलंबून. त्या नळाची धार हळूहळू बारीक होत गेली आणि चैत्रात तर ती करंगळीएवढी झाली. आजी गुंड लावून बसे आणि म्हणे, “नयाले पानी हाये बाप्पा, पन जीव नाई त्याच्यात.” बाबांनी मनाशी निष्कर्ष काढला की शेजारच्या काकांनी नळाला मोटार लावली आहे. दोन्ही घरांचे बोलणे बंद पडले. शेवटी “आपणही मोटार आणू” असे ठरले. मोटार आणायला जाण्याच्या आदल्या दिवशी मी सहज अकोल्याच्या एका नळ दुरुस्तीवाल्याला विचारले. तो म्हणाला, “आधी तोटीवर आंगठा दाबून पाहा.” या एका वाक्यावरच पुढचा सारा लेख उभा आहे.

दाब म्हणजे काय?

नळातल्या पाण्याचा दाब म्हणजे त्याच्या वर उभ्या असलेल्या पाण्याच्या उंचीचे वजन. पाणी दहा मीटर उंचीवर असेल तर खाली दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोचा दाब पडतो. टाकी किती मोठी आहे याचा त्याच्याशी संबंध नाही, ती किती उंच आहे याचा आहे. गच्चीवरची टाकी तोटीपासून बारा फूट उंच असेल, तर जेमतेम 0.36 किलोचा दाब मिळतो, मग ती टाकी 500 लिटरची असो की 5000 ची. आपले बाळापूर मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेले. किल्ला उंचवट्यावर आणि वस्ती नदीकडे उतरत गेलेली. एकाच टाकीचे पाणी उंच आळीत आणि सखल आळीत सोडले असे समजा. सखल आळीत जोर अधिक आणि उंच आळीत कमी असणारच. यात कोणाचा पक्षपात नाही.

हे ज्ञान काही आजचे नाही. सतराव्या शतकात मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. तिथल्या पाणचक्कीत असेच दुरून आलेले पाणी उंचावरून चाकावर सोडून पीठ दळत असत. ना वीज, ना मोटार. उंची राखली आणि वाट मोकळी ठेवली, एवढेच.

पण उंचीचा हा दाब पाणी थांबलेले असताना पुरा असतो. पाणी वाहू लागले की नळाच्या भिंतीशी घासून, वळणावळणांवर अडून त्यातला काही दाब खर्च होतो. नळ जितका लांब, अरुंद आणि खडबडीत, तितका खर्च अधिक. म्हणून धार बारीक होण्याची कारणे दोनच. एक तर मागून जोरच नाही, किंवा जोर आहे पण वाट नाही.

आंगठ्याची परीक्षा

तोटी पूर्ण उघडा आणि तिच्या तोंडावर आंगठा घट्ट दाबून धरा. पाणी थांबले की घासणीचा खर्चही थांबतो आणि मागचा खरा दाब आंगठ्याशी येऊन भिडतो. आंगठा सहज टिकला तर मागून जोरच नाही. पाण्याने आंगठा ढकलला, बाजूने फवारे उडाले, तर जोर भरपूर आहे आणि वाट अडलेली आहे. अशा नळाची आणखी एक खूण म्हणजे तोटी उघडताच पहिला घोट जोरात येतो आणि लगेच धार आखडते.

आमच्या अंगणात मी आंगठा दाबला आणि सदरा भिजवून घेतला. म्हणजे जोर होता! काकांचा यात काही दोष नव्हता.

दुसरी परीक्षा बादली आणि घड्याळाची. पंधरा लिटरची बादली न्हाणीतल्या नळावर दोन मिनिटांत भरली, अंगणात साडेसात मिनिटे लागली. वास्तविक अंगणातला नळ न्हाणीतल्यापेक्षा हातभर खाली आहे, म्हणजे तिथे दाब किंचित अधिकच हवा. तरी धार कमी, याचा अर्थ अडथळा दोन नळांच्या मधल्या फाट्यावर. दोन्ही नळ सारखेच मंद असते, तर दोष मुख्य जोडणीपाशी शोधावा लागला असता. आणि साऱ्या आळीत त्याच वेळी धार मंद असेल, तर घरात पाना चालवण्यात अर्थ नाही. आळीने मिळून तक्रार अर्ज द्यावा.

अडथळा शोधताना

सोप्याकडून अवघडाकडे जावे. आधी आतला कॉक बंद करून तोटी उघडावी. वॉशर फुगलेला किंवा फाटलेला असतो, कधी जाळीत वाळू आणि गंजाचे खडे अडकतात. वॉशर काही रुपयांत मिळतो.

मग कॉक पाहावा. दुरुस्तीनंतर तो अर्धाच उघडा राहिलेला असतो. कधी चाक पूर्ण फिरते, पण आतला पडदा दांड्यापासून सुटल्यामुळे वर उचलतच नाही. बाहेरून सारे ठीक दिसते.

त्यानंतर नळ. जुने लोखंडी नळ आतून गंजतात आणि त्यावर क्षाराचे थर चढतात. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे, आपल्या तालुक्याचाही काही भाग त्यात येतो. जिथे विहिरीचे किंवा बोअरचे खारे पाणी नळात सोडतात, तिथे हे लवकर घडते. अर्ध्या इंची नळाचे पोट पाव इंचावर आले, तर पाणी निम्मे होईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते साधारण सहाव्या हिश्श्यावर येते. वळणाच्या एल्बोत हा गंज सर्वांत आधी साचतो.

शेवटी गळती. न्हाणीत आंगठा ढकलला जातो, पण अंगणात जात नाही, असे असेल तर मधे कुठेतरी पाणी जमिनीत मुरते आहे. सारे नळ बंद करून ओल आलेली जागा शोधावी. मीटर असेल तर तो फिरतो का पाहावा.

गच्चीच्या टाकीवरून नळ येत असेल तर आणखी एक गोष्ट. नळाला मधेच वर चढलेली कमान असेल, तर तिथे हवा कोंडते आणि टाकी भरलेली असूनही धार येत नाही. नळाला सलग उतार द्यावा.

आमच्याकडे फरशीखालचा कॉक अर्धा बंद निघाला आणि पुढच्या एल्बोत तांबडा गंज असा बसला होता की त्यातून पेन्सिलही जाईना. नवा एल्बो, तीन फूट नवा नळ आणि वॉशर बसवल्यावर बादली पावणेदोन मिनिटांत भरली.

मोटार का नको?

मोटार लावून धार वाढली असती, हे खरे. पण गंज तसाच लपून राहिला असता. शिवाय मोटार नवे पाणी तयार करत नाही, मुख्य नळातले शेजाऱ्याच्या वाट्याचे ओढते. जास्त ओढ पडली की मुख्य नळातला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. मग फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शोषले जाते. कावीळ, विषमज्वर आणि पटकी या वाटेने घरात येतात, आणि ज्याने मोटार लावली त्याच्याच गुंडात आधी पडतात. मुख्य नळाला थेट मोटार जोडण्यास मनाई असते ती म्हणूनच.

नळ दुरुस्त झाला त्या संध्याकाळी बाबा स्वतः काकांच्या ओट्यावर गेले. काका म्हणाले, “भाऊ, आमच्याबी नयाले धार नाई. आमी तं समजलो तुमीच मोटार लावली!” दुसऱ्या दिवशी पाणी आले तेव्हा मी त्यांच्या तोटीवर आंगठा दाबला. तिथेही जोर होता. त्यांच्या वॉशरचे दोन तुकडे होऊन त्यांतला एक वाटेतच आडवा बसला होता.

वाचक मित्रांनी आणि प्राध्यापक मंडळींनी आपापल्या अंगणात ही परीक्षा एकदा करून पाहावी. सदरा मात्र जुना घालावा.