हाजींचे जहाज आणि परवान्याचा शब्द

सोळाव्या शतकात अरबी समुद्रात फिरायचे तर पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ हा परवाना घ्यावा लागे. तो नसलेले जहाज जप्त होई. सुरतेहून हजला निघणारी जहाजेही यातून सुटली नाहीत. परवान्यावर हजरत ईसा (अ.) व बीबी मरियम यांची चित्रे असत. अकबराच्या काळातील आलिम मखदूम-उल-मुल्क यांनी तर अशा स्थितीत हज फर्ज राहत नाही, असा फतवा दिला. तरीही हाजी जातच राहिले.

१६१३ मध्ये बादशहा जहांगीरच्या आई मरियम-उज-जमानी यांचे ‘रहीमी’ जहाज परवाना असतानाही पोर्तुगीजांनी पकडले. संतापलेल्या बादशहाने त्यांचा व्यापार रोखला आणि दमणवर फौज धाडली.

इस्लामी फिकहमध्ये दिलेल्या अभयाला ‘अमान’ म्हणतात. ते मिळालेल्या प्रवाशाच्या जीव-मालाला हात लावणे हराम. आज १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानुसार किनाऱ्यालगतच्या १२ सागरी मैलांतूनही निरुपद्रवी परदेशी जहाजाला वाट द्यावी लागते आणि केवळ जाण्याबद्दल पैसे मागता येत नाहीत. मात्र हा कायदाही दिलेला शब्द पाळणाऱ्यांवरच टिकून आहे.