आतड्यांतून आलेले क्रियापद

मराठीने मायेचा बराच मोठा कारभार आतड्यांवर सोपवला आहे. मुलगी सासरी निघाली की आईचे आतडे तुटते, तापाने फणफणलेले लेकरू पाहून ते पिळवटते, आणि ज्याच्याशी रक्ताचे नाते आहे तो 'आतड्याचा माणूस' ठरतो. त्यामुळे कोश हाताशी घेऊन मी नव्या कराराची ग्रीक संहिता वाचू लागले, तेव्हा 'स्प्लांख्निझोमाइ' या लांबलचक क्रियापदापाशी सहजच थबकले. आपल्याकडच्या प्रचलित मराठी बायबलमध्ये त्या जागी 'कळवळा येणे' असे आहे. भाषांतर उत्तमच आहे. पण मूळ शब्दाच्या पोटात शिरावे, तर आपण थेट यज्ञवेदीपाशी जाऊन पोहोचतो.

'स्प्लांख्ना' म्हणजे छातीपोटातले मुख्य अवयव : हृदय, यकृत, फुप्फुसे, मूत्रपिंडे. आतड्यांना ग्रीकमध्ये 'एंतेरा' असा निराळा शब्द आहे; तेव्हा आपले 'आतडे' आणि हा शब्द तंतोतंत जुळत नाहीत, पण दोघांचे घराणे एकच. बळी दिलेल्या पशूचे हे अवयव आधी भाजून यज्ञाला जमलेली मंडळी चाखत. होमरच्या महाकाव्यांत असे प्रसंग आहेत. पुढे ग्रीक शोकांतिकांच्या काळात हाच शब्द माणसाच्या आतल्या उसळत्या भावनांचे ठिकाण म्हणूनही येऊ लागला.

क्रियापदाचा जुना अर्थ मात्र वेदीपाशीच राहिला होता. इ. स. पू. दुसऱ्या शतकात चौथा अँटिओकस या राजाने ज्यूंवर ग्रीक उपासना लादली. त्या छळाची हकीकत सांगणाऱ्या मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात हे क्रियापद येते, ते 'बळीचे अवयव खाणे' या अर्थाने. आणि ज्यूंना ते खायला लावले जात होते जबरदस्तीने. ज्या शब्दात असा जुलूम साठला होता, तोच शुभवर्तमानांत करुणेचा शब्द झालेला दिसतो. करुणा पोटात असते ही कल्पना ज्यूंना परकी नव्हती. हिब्रूत करुणेला 'रहामीम' म्हणतात आणि गर्भाशयाला 'रेहेम'. दोन्ही शब्दांचे धातू-व्यंजन एकच आहे. पुढे लॅटिन बायबलने शोमरोन्याच्या कथेत 'मिसेरिकोर्दिया' हा शब्द योजला. त्यात 'कोर' म्हणजे हृदय आहे. करुणा अशी पोटातून वर सरकली आणि थोडी सोवळी झाली.

नव्या करारात हे क्रियापद 12 वेळा येते : मत्तयात 5, मार्कात 4, लूकमध्ये 3. योहानात ते एकदाही नाही. त्यांपैकी 9 ठिकाणी ते येशूसंबंधी आहे. उरलेली 3 त्याने सांगितलेल्या दृष्टांतांतली : कर्ज माफ करणारा राजा, परतलेल्या मुलाकडे धावत जाणारा बाप, आणि वाटेवरच्या जखमी माणसाजवळ थांबणारा शोमरोनी.

या शब्दाचे व्याकरणही बोलके आहे. त्याचे रूप कर्मणी वळणाचे आहे. म्हणजे ही क्रिया माणूस करत नाही, ती त्याच्या आत घडते. मराठीला हे वेगळे शिकवावे लागत नाही. 'मी दया केली' यात मी कर्ता असते. 'मला कळवळा आला' म्हणताना मी चतुर्थीत जाऊन बसते. म्हणूनच नव्या करारात हे क्रियापद आज्ञार्थात कुठेही येत नाही. दयेची याचना करणारे आंधळे 'एलेएओ' हे दुसरे क्रियापद वापरतात. दया मागता येते, करायला सांगता येते. कळवळा आण, असे मात्र कोणाला सांगता येत नाही.

लूकच्या दहाव्या अध्यायात ही सारी अर्थच्छटा पणाला लागते. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर एक माणूस अर्धमेला पडला आहे. याजक येतो, लेवी येतो, शोमरोनी येतो. तिघांसाठीही 'पाहून' हाच शब्द आहे. पहिले दोघे बाजूने निघून जातात. तिसऱ्याच्या वाट्याला मात्र आपले क्रियापद येते. ज्यू आणि शोमरोनी यांचे तर हाडवैर. आतडे तुटावे असे नाते नसताना ते तुटते, हाच त्या कथेचा धक्का आहे. त्यानंतर कामांची रांग लागते : जवळ जाणे, जखमा बांधणे, तेल-द्राक्षारस ओतणे, स्वतःच्या जनावरावर बसवणे, उतारशाळेत नेणे, दोन दिनार देणे. शेवटी शेजारी कोण ठरला, असे विचारल्यावर शास्त्री 'शोमरोनी' हा शब्द टाळतो आणि 'ज्याने दया केली तो' असे उत्तर देतो. येशूचा निरोपही 'कर' असाच आहे, 'तुला वाटू दे' असा नाही.

हे नाम पौलाच्या फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रातही भेटते. ओनेसिम नावाच्या दासाला त्याच्या धन्याकडे परत पाठवताना पौल त्याला स्वतःचे 'स्प्लांख्ना' म्हणतो. आपल्या भाषेत सांगायचे तर, दुसऱ्याच्या मालकीचा एक दास त्याच्या आतड्याचा माणूस झाला आहे.

गेल्या पावसाळ्यात स्टेशनच्या पुलावर एक म्हातारा कठड्याला टेकून कसाबसा बसला होता. मी पाहिले. गाडीची वेळ झाली होती. मी पुढे गेले. आत काहीच हलले नाही, आणि हलले नाही म्हणून मी स्वतःला माफही करून टाकले : कळवळा काही आणून येत नाही! व्याकरण माझ्या बाजूने होते. पण त्या कथेतले शेवटचे क्रियापद कळवळ्याचे नाही, करण्याचे आहे. आणि ते आज्ञार्थात आहे. आतडे हलण्याची वाट न पाहताही मला त्या म्हाताऱ्याजवळ जाता आले असते. कदाचित जवळ गेल्यावर ते हललेही असते.