मोठी मोटरसायकल, वेग आणि मायलेज

साडेसहाशे सीसीची मोटरसायकल हायवेवर ताशी ११० किलोमीटरलाही दमल्यासारखी वाटत नाही. इंजिन आरामात चालतंय, म्हणजे पेट्रोलही बेतानेच जात असणार, असा समज त्यातून सहज होतो. पण इंजिनाला ताण न जाणवणं आणि त्याने कमी काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हायवेवर पेट्रोलचा मोठा वाटा वायुरोधावर (पुढे जाताना हवेकडून होणारा अडथळा) खर्च होतो. कमरेइतक्या पाण्यातून सावकाश चालणं जमतं, धावू लागलं की पाणी मागे रेटतं, हवेचंही तसंच. हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून ११० वर गेलो, तर वेग सदतीस-अडतीस टक्क्यांनीच वाढतो, रोध मात्र जवळपास दुप्पट होतो. टायरचं घर्षण आणि इंजिनाचा स्वतःचा खर्च त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून पेट्रोल अगदी दुप्पट लागत नाही. तरी फरक टाकी भरताना कळतो.

म्हणून महागडा एक्झॉस्ट बसवण्याआधी वेग ८०-९० वर स्थिर ठेवून पाहावा. रिकाम्या साइड बॅगा काढून ठेवाव्यात, कारण त्यांची रुंदी वारा अडवते. टायरमधली हवा थंड असताना तपासावी. शहरात मात्र हिशेब बदलतो: तिथे वारंवार ब्रेक लावून पुन्हा वेग घेण्यातच जास्त पेट्रोल जातं, तेव्हा सिग्नल लाल दिसताच थ्रॉटल आधीच सोडावा.