पारा खरंच इतका चढला होता का?

२९ मे २०२४ ची दुपार. दिल्लीच्या वेशीवरील मुंगेशपूर येथील स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले आणि हा आकडा बघता बघता देशभर पोहोचला. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली होती. हा भारतातील उच्चांक मोडला गेल्याच्या बातम्या लगेच झळकल्या. दुसऱ्या दिवशी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने तर थेट ५६ अंश दाखवले. विदर्भातील माणसाला उन्हाचे अप्रूप नाही. पण ५६ हा आकडा तिथेही कुणाच्या पचनी पडणारा नव्हता.

हवामानाच्या नोंदी ठेवण्याचा, जुने उच्चांक धुंडाळण्याचा छंद असलेली मंडळी जगभर आहेत. कुठे पारा चढला, कुठे ढगफुटीसारखा पाऊस झाला, याकडे त्यांचे रात्रंदिवस लक्ष असते. असा आकडा समोर आला की ही मंडळी आधी शेजार पाहतात. त्याच दिवशी, त्याच तासाला आसपासची केंद्रे काय सांगत होती? दिल्ली परिसरातील इतर केंद्रांवर त्या दिवशीचे कमाल तापमान ४५.२ ते ४९.१ अंशांच्या दरम्यान होते. तापलेली हवा एका आवारापुरती थांबत नाही. मग एकट्या मुंगेशपूरला साडेतीन-चार अंश जास्त कसे?

हवामान खात्याने केंद्राची तपासणी केली. प्रमाणित उपकरणाच्या तुलनेत तिथला संवेदक तीन अंश जास्त दाखवत असल्याचे निष्पन्न झाले. नागपूरचा आकडाही संवेदकातील बिघाडाचा निघाला. दोन्ही ‘विक्रम’ बाद झाले आणि फलोदीचा उच्चांक कायम राहिला. या गोंधळात एक खरी नोंद मात्र झाकली गेली. दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत त्याच दिवशी ४६.८ अंश तापमान होते आणि ते तिथले ७९ वर्षांतील सर्वाधिक होते. खोट्या आकड्याने खऱ्याची बातमी खाल्ली.

हवेचे तापमान, उन्हाचे नव्हे

उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ५० अंश दिसले म्हणून शहराचे तापमान ५० होत नाही. हवामानशास्त्रात मोजले जाते ते सावलीतील हवेचे तापमान. त्यासाठी तापमापक एका पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. पेटीच्या चारही बाजूंना झडपा असतात, त्यामुळे वारा आत खेळतो. पण ऊन आणि जमिनीची धग थेट आत येत नाही. ‘स्टीव्हन्सन पेटी’ या नावाने ती ओळखली जाते. साहित्यिक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील, अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांनी ती १९ व्या शतकात तयार केली. तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर असावा, खाली शक्यतो गवत असावे, जवळ भिंत किंवा डांबरी रस्ता नसावा, असे संकेत आहेत. आपल्याकडे पेटीचे दार उत्तरेला ठेवतात. नोंद घेण्यासाठी ते उघडले तरी ऊन तापमापकावर पडू नये, हा त्यामागचा हेतू.

यातील एखादी गोष्ट बिघडली की आकडा बदलतो. गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर ठेवलेले यंत्र, वातानुकूलन यंत्राच्या गरम झोतासमोरचे यंत्र किंवा धूळ साचून वारा अडलेला संवेदक दोन-तीन अंश सहज वाढवून सांगतो. विक्रम म्हणजे आधीच्या सर्व नोंदींच्या पलीकडची नोंद. चुकीची नोंदही तिथेच सापडण्याची शक्यता जास्त असते. म्हणून आकडा जितका मोठा, तितकी तपासणी कडक हवी.

नव्वद वर्षे टिकलेली चूक

अशी तपासणी किती महत्त्वाची असते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण लिबियातील आहे. राजधानी त्रिपोलीच्या दक्षिणेकडील अल अझिझिया येथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी ५८ अंश तापमानाची नोंद झाली. जगातील सर्वाधिक तापमान म्हणून अनेक दशके हाच आकडा पाठ्यपुस्तकांत आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत छापला गेला.

अमेरिकेतील हवामान-इतिहासकार ख्रिस्तोफर बर्ट यांना मात्र तो खटकत होता. आसपासच्या ठिकाणांच्या त्या दिवशीच्या नोंदींशी तो जुळत नव्हता. त्यांनी शंका उपस्थित केली आणि जागतिक हवामान संघटनेने तज्ज्ञांची समिती नेमली. लिबियाच्या हवामान विभागाचे खालिद अल फदली यांनी मूळ नोंदवहीचे पान शोधून काढले. पुढे २०११ मध्ये लिबियात उठाव झाला आणि कित्येक महिने त्यांच्याशी संपर्कच तुटला. नंतर ते सुखरूप असल्याचे कळले आणि काम पुढे सरकले.

नोंदवहीच्या त्या पानानेच गुपित उघड केले. सप्टेंबर १९२२ च्या दुसऱ्या आठवड्यात हस्ताक्षर बदलले होते, म्हणजे नोंदी घेणारा माणूस नवा होता. कमाल आणि किमान तापमानाचे आकडेही त्याने चुकीच्या रकान्यांत लिहिले होते. नेहमीच्या तापमापकाऐवजी तेव्हा जुन्या पद्धतीचा तापमापक वापरात होता. त्यात पारा एका बारीक दांडीला वर ढकलतो आणि पारा उतरला तरी दांडी तिथेच राहते. तापमान वाचायचे ते दांडीच्या पाऱ्याला टेकलेल्या टोकापाशी. नवख्या माणसाने बहुधा दुसरे टोक वाचले. दांडीची लांबी सुमारे सात अंशांइतकी होती आणि चूकही तेवढीच झाली. १३ सप्टेंबर २०१२ रोजी, म्हणजे बरोबर ९० वर्षांनी, संघटनेने तो विक्रम रद्द केला. आता अधिकृत मान कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीचा आहे. तिथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंशांची नोंद झाली. नोंदींचे अभ्यासक त्या आकड्याकडेही संशयाने पाहतात, ही गोष्ट वेगळी.

कुलाबा ७३, सांताक्रूझ ९४४

तापमानाच्या बाबतीत शेजारी उपयोगी पडतात. पावसाचा हिशेब वेगळा असतो. पावसात शेजाऱ्यांचे आकडे जुळले नाहीत, तरी दोघेही खरे असू शकतात.

२६ जुलै २००५ मुंबईकर विसरलेले नाहीत. २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत सांताक्रूझ वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. वीस-पंचवीस किलोमीटरवरील कुलाबा वेधशाळेत त्याच काळात पडलेला पाऊस होता अवघा ७३ मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. सांताक्रूझला प्रत्येक चौरस मीटरवर एका दिवसात ९४४ लिटर पाणी पडले आणि त्यातील बरेचसे दुपारनंतरच्या काही तासांत. त्या पुरात एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली.

सांताक्रूझला वेधशाळा नसती तर? सरकारी दप्तरात त्या दिवशी मुंबईत ७३ मिलिमीटर, म्हणजे जुलै महिन्यात नेहमी पडतो तसा पाऊस पडल्याची नोंद राहिली असती. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून आखलेली होती. नाल्याची रुंदी, पुलाची उंची, धरणाच्या सांडव्याची क्षमता हे सारे जुन्या पावसाच्या नोंदींवरून ठरते. जिथे मोजलेच नाही, तिथला पूर हिशेबातही येत नाही. या पुरानंतर महापालिकेने शहरभर, मुख्यतः अग्निशमन केंद्रांच्या इमारतींवर, स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले.

अमेरिकेतही असेच घडले. २८ जुलै १९९७ रोजी कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स शहराच्या एका टोकाला ३५० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर दुसऱ्या टोकाला त्याचा छोटासा हिस्साच पडला. पुरात पाच जणांचा जीव गेला. पाऊस नेमका कुठे, किती पडला हे कळण्यासाठी तिथल्या हवामानतज्ज्ञांना नागरिकांच्या अंगणातील भांडी आणि मापे गोळा करावी लागली. त्यातूनच १९९८ मध्ये सामान्य नागरिकांनी घरी पाऊस मोजून कळवण्याचे जाळे उभे राहिले. आज ते संपूर्ण अमेरिकेत पसरले आहे.

ही कल्पना मुळात बरीच जुनी. ब्रिटनमधील जॉर्ज जेम्स सायमन्स यांनी १८६० सालच्या पावसाच्या नोंदी १६८ ठिकाणांहून जमवल्या. पाद्री, डॉक्टर, शिक्षक, जमीनदार रोज सकाळी अंगणातील पर्जन्यमापक रिकामा करून आकडा वहीत लिहीत. १९०० मध्ये सायमन्स यांचे निधन झाले, तोवर ही ठिकाणे साडेतीन हजारांच्या आसपास पोहोचली होती. त्यांच्याच नावाचा पर्जन्यमापक भारतातील वेधशाळांनी दीर्घकाळ वापरला. आपल्याकडच्या अशा असंख्य जुन्या नोंदी पुण्यात हवामान खात्याकडे जतन केलेल्या आहेत. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, कारण खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथे आले.

दोन अंशांचा प्रश्न

हे सारे आकड्यांचे वेड वाटेल. पण त्याचा संबंध थेट आरोग्याशी आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यातील मृत्यूंची आधीच्या वर्षांशी तुलना केल्यावर १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे अभ्यासकांना दिसले. त्यातून २०१३ मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा तयार झाला. तापमान आणि मृत्यू यांचा मेळ घालून इशाऱ्यांचे टप्पे ठरले: ४१ अंशांच्या पुढे पिवळा, ४३ च्या पुढे नारिंगी आणि ४५ पासून लाल. लाल इशाऱ्याला रुग्णालयांनी सज्ज राहायचे, कामाच्या वेळा बदलायच्या, पाणपोया वाढवायच्या.

म्हणजे पिवळ्याच्या वरच्या टोकापासून लालपर्यंतचे अंतर फक्त दोन अंशांचे आहे. मुंगेशपूरच्या संवेदकाची चूक तीन अंशांची होती. यंत्र जास्त दाखवत राहिले, तर इशारे उगाच वाजतात आणि लोक त्यांना कंटाळतात. कमी दाखवत राहिले, तर इशारा यायला हवा त्या दिवशी येत नाही आणि उन्हात राबणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

नोंद अचूक असली तरी ती सगळे सांगत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे मोकळ्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने डझनभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जवळच्या केंद्रावर तेव्हा कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विक्रमाच्या जवळपासही न जाणारा हा आकडा. पण तो सावलीतील हवेचा होता. माणसे तासन् तास उन्हात होती आणि हवा किनाऱ्यावरची, दमट होती. आपले शरीर घाम वाळवून थंड होते. हवेत आधीच बाष्प भरलेले असले की घाम नुसता निथळतो, वाळत नाही आणि शरीराचे तापमान चढत जाते.

रात्रीचेही तसेच. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री सावरायला गारवा लागतो. म्हणूनच अनुभवी अभ्यासक दिवसाच्या उच्चांकाइतकेच रात्रीच्या किमान तापमानावर लक्ष ठेवतात. २६ जून २०१८ रोजी ओमानमधील कुरयात या किनारी गावात २४ तासांतील सर्वांत कमी तापमान ४२.६ अंश होते. म्हणजे पहाटेसुद्धा पारा त्याखाली आला नाही. हृदयविकाराच्या रुग्णांना, वृद्धांना आणि पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना अशा रात्री दुपारच्या उन्हाइतक्याच घातक ठरू शकतात.

साडेआठची नोंद

पाऊस मोजायला महागडे यंत्र लागत नाही. झाडे, भिंती आणि पन्हाळीपासून दूर, मोकळ्या जागी सरळ उभ्या बाजूंचे, सपाट बुडाचे भांडे ठेवावे. भांड्यात जितके सेंटिमीटर पाणी साचेल, त्याच्या दहापट मिलिमीटर पाऊस. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. त्याच वेळी मोजून वहीत लिहिले, तर आपला आकडा वेधशाळेच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. भांडे रोज रिकामे करायचे, पाणी साचू देऊन डासांना आमंत्रण द्यायचे नाही. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचे. कोरी जागा आणि शून्य यांत मोठा फरक आहे: शून्य म्हणजे पाहिले आणि पाऊस नव्हता, कोरी जागा म्हणजे पाहिलेच नाही.

येत्या उन्हाळ्यात पुन्हा एखादा थरारक आकडा मोबाइलवर येईल. तो पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. तो कुठल्या यंत्राने मोजला? आसपासच्या केंद्रांवर किती होते? हवामान खात्याने दुजोरा दिला का? उत्तरे मिळेपर्यंत विक्रम थांबू शकतो. दुपारी उन्हात जाणे टाळायला मात्र विक्रमाची वाट पाहायचे कारण नाही.