सेवाग्राम : आधी अंगण, मग वॉर्ड

सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळालेल्या मुलामुलींचं शिक्षण शवविच्छेदनाच्या टेबलापाशी सुरू होत नाही. ते सुरू होतं जवळच्या गांधी आश्रमात. नवी बॅच पहिले पंधरा दिवस तिथेच राहते. पहाटे उठून प्रार्थनेला बसायचं, आवार झाडायचं, सूत कातायचं, स्वतःचं ताट स्वतः घासायचं. यातली बहुतेक मुलं कुठल्या ना कुठल्या शहरातल्या क्लासमध्ये दोन-दोन वर्षं पुस्तकात मान घालून बसलेली असतात. हातात झाडू येतो तेव्हा काहींना तो धरायचा कसा इथपासून सुरुवात करावी लागते.

आश्रमात बापू कुटी आणि बा कुटी बघायला पर्यटकांची रीघ असते. परचुरे कुटीकडे मात्र थोडेच वळतात. डॉक्टर होऊ घातलेल्यांनी सर्वांत आधी बघावी ती हीच जागा. परचुरे शास्त्री संस्कृतचे विद्वान होते आणि त्यांना कुष्ठरोग होता. कुष्ठरोग्याला घरचे लोकही उंबऱ्याच्या आत घेत नसत असा तो काळ. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांची मालिश केली, शुश्रूषा केली. आपल्यासमोर बसलेल्या आजारी माणसाला हात लावायला कचरायचं नाही, हे कुठल्याही अभ्यासक्रमात प्रश्न म्हणून विचारलं जात नाही. इथे ते पहिल्याच आठवड्यात डोळ्यांसमोर येतं.

वर्धा शहरापासून सेवाग्राम साधारण आठ किलोमीटर, नागपूरपासून पाऊणशे. मुंबई-हावडा मार्गावर सेवाग्राम नावाचं स्वतंत्र स्टेशन आहे. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या गजानन महाराजांच्या शेगावशी घोळ होऊन टपाल भलतीकडेच जायचं, म्हणून १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम झालं. गावात वैद्यकीय सोय अशी काही नव्हती. गांधीजींचे सचिव प्यारेलाल यांची बहीण डॉ. सुशीला नायर आश्रमात आल्या आणि गांधीजींची प्रकृती सांभाळता सांभाळता आसपासच्या गावांतले रुग्णही बघू लागल्या. १९४२ च्या आंदोलनात त्या गांधीजी आणि कस्तुरबांबरोबर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होत्या. फेब्रुवारी १९४४ मध्ये तिथेच कस्तुरबा गेल्या. त्यांच्या नावाने सेवाग्राममध्ये बाया-मुलांसाठी जो लहानसा दवाखाना सुरू झाला, तोच आजचा कस्तुरबा दवाखाना. सुशीलाबहेन पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकल्या, १९६२ ते १९६७ केंद्रात आरोग्यमंत्री होत्या आणि मंत्रिपद सुटल्यावर परत इथेच आल्या. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. खेड्यात उभारलेलं हे देशातलं पहिलं मेडिकल कॉलेज मानलं जातं. संस्था कस्तुरबा हेल्थ सोसायटी चालवते. खर्चातला निम्मा वाटा केंद्राचा, पाव राज्याचा आणि उरलेला पाव सोसायटीचा, अशी तिची घडण आहे. म्हणजे कॉलेज सरकारी म्हणावं तर तसं नाही, आणि खाजगी तर नाहीच नाही.

आश्रमातल्या पंधरवड्यानंतर येतं गावातलं शिबिर. या कॉलेजचा खरा कणा तोच आहे, असं माझं ठाम मत आहे. दर वर्षीच्या बॅचला आसपासचं एक गाव ठरवून दिलं जातं. शंभर मुलं, त्यांचे शिक्षक, सोबत प्रयोगशाळेचं सामान असा सगळा लवाजमा पंधरा दिवस गावात मुक्काम ठोकतो. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला चार-पाच घरं येतात. त्या घरांतल्या प्रत्येकाचं वजन, उंची, रक्तदाब, हिमोग्लोबिन बघायचं. कोण काय खातं, पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, लेकरांना लस टोचली का, हे सगळं वहीत उतरवायचं. शिबिर संपलं की पाहुणे परत गेले असं होत नाही. पुढची वर्षं महिन्यातून एकदा तरी त्याच घरी जायचं असतं. पहिल्या भेटीत दारातूनच उत्तरं देणारी बाई पुढेपुढे चहा ठेवते आणि मग कधीतरी, कुणी न विचारता, खरं दुखणं सांगते.

मुलं तिथे नेमकं काय शिकतात? वॉर्डात आलेली रक्तक्षयाची बाई म्हणजे कागदावरचा हिमोग्लोबिनचा एक आकडा. गावात तिचा दिवस दिसतो. पहाटे पाणी भरणं, चुलीत पऱ्हाट्या सारून स्वयंपाक, डबा बांधून निंदणाला जाणं, संध्याकाळी पुन्हा चूल, आणि सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरेल ते आपल्या ताटात. लोहाच्या गोळ्या लिहून देणं सोपं असतं. त्या गोळ्यांनी मळमळ होते आणि मळमळ झाली की दिवसाची मजुरी बुडते, म्हणून पुडी फडताळात तशीच पडून राहते. हे कळायला त्या घराच्या ओट्यावर बसावं लागतं. रक्तदाबाचं औषध मध्येच बंद करणाऱ्या म्हाताऱ्याचंही तसंच. सोयाबीनच्या सोंगणीत दवाखान्याची वारी जमत नाही. हे एकदा पाहिलेला डॉक्टर रुग्णावर 'गोळ्या का नाही घेतल्या?' म्हणून खेकसण्याआधी नक्कीच थांबेल.

भाषेचाही मोठा भाग आहे. मुलं देशभरातून येतात. मराठी शिकली तरी पुस्तकातली मराठी इथे पुरत नाही. "मले कसंनुसंच होऊन रायलं" असं म्हणणाऱ्या आजीला नेमकं काय होतंय ते शोधायचं तर वऱ्हाडी कानात बसावी लागते. केरळहून किंवा हरियाणातून आलेली पोरं वर्षभरात "काय झालं माय?" असं विचारायला लागतात, आणि तेवढ्यानं समोरचं माणूस मोकळं होतं.

गावाशी असलेल्या या नात्यातूनच ज्वारीच्या विम्याची कल्पना पुढे आली. आरोग्यविमा या शब्दाशी खेड्यापाड्याची ओळख नव्हती त्या काळात मेडिसिनचे प्राध्यापक डॉ. उल्हास जाजू यांनी भोवतालच्या गावांत ती रुजवली. शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा क्वचित असतो, पण सुगीला धान्य असतं. म्हणून वर्गणी ज्वारीत. ज्याची शेती जास्त त्याने जास्त द्यायची, भूमिहीन मजुराने थोडी. गावातली तीन-चतुर्थांश तरी घरं आली तरच गाव योजनेत. बदल्यात गावातच आरोग्यसेवक, ठरावीक दिवशी दवाखान्याची फेरी, आणि अचानक आलेल्या आजारात कस्तुरबा दवाखान्यात भरती झाल्यावर खर्चाचा भार नाही. ज्याने ज्वारी दिली तो दवाखान्यात याचक म्हणून येत नाही, तिथे त्याचा हक्क असतो. या योजनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही. पुढे वर्गणी रोखीने घेतली जाऊ लागली, पण हिशेबामागचा विचार तोच राहिला.

दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी उभं राहिलं की विदर्भाचं सगळं दुखणं एका रांगेत दिसतं. वर्ध्यासोबत यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडून आलेली माणसं असतात. पावसाळ्यात सर्पदंश, फवारणीच्या हंगामात कीटकनाशकांची विषबाधा, मे महिन्यात उन्हाचा तडाखा, वर्षभर सिकलसेल. शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचं पॅकेज २००६ मध्ये ज्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर झालं, त्यात वर्धाही होता. विष प्यायलेला तरुण रात्री स्ट्रेचरवर येतो तेव्हा पोट धुणारा इंटर्न आणि सकाळी त्याच्या बापाशी बोलणारा इंटर्न एकच असतो. कर्ज, पाऊस, बोंडअळी हे सगळं त्याच्या रुग्ण-इतिहासाचा भाग असतं.

आवारातलं रोजचं जगणं साधं आहे. खादीचा आग्रह, शाकाहारी मेस, दारू-सिगारेटला बंदी, सर्वधर्म प्रार्थना, श्रमदान. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना हे सगळं आवडतं असं नाही. कुरकुर असते, आणि ती असायलाच हवी. नियमाने नेसलेल्या खादीने माणूस आपोआप चांगला होत नाही. पण खादीत दवाखान्यात फिरणारा डॉक्टर आणि मळकं धोतर नेसून बाकावर बसलेला रुग्ण यांच्यातलं अंतर थोडं कमी होतं, हे मात्र बघणाऱ्याला जाणवतं. औषधांच्या बाबतीतही हीच काटकसर आहे. कंपनीच्या नावापेक्षा जेनेरिक औषधांवर भर असल्याने चिठ्ठी हातात घेऊन कुणाला गाय विकायचा विचार करावा लागू नये, असा प्रयत्न असतो.

या सगळ्याची मुळं कॉलेजपेक्षा जुनी आहेत. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली देशभरातले शिक्षणतज्ज्ञ जमले आणि हाताने काम करत शिकण्याची नई तालीम तिथे आकाराला आली. आराखडा झाकीर हुसेन यांच्या समितीने केला. तो राबवण्यासाठी सेवाग्राममध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ उभा राहिला, आणि त्याचा भार उचलला जाफन्याकडच्या आर्यनायकम् आणि त्यांच्या बंगाली पत्नी आशादेवी यांनी. दोघंही शांतिनिकेतनातून आलेली. चित्रकार-कुंभार देवीप्रसादही तिथूनच आले आणि त्यांनी इथे मुलांच्या हातात माती आणि रंग दिले. कापसाच्या बोंडापासून कापडापर्यंत जाताना गणित, भूगोल, इतिहास शिकायचा, अशी ती रीत. डॉ. अभय बंग इथल्या नई तालीमच्या शाळेत शिकले. पुढे गडचिरोलीत 'सर्च' ही आरोग्यसंस्था उभी करताना लोकांकडूनच प्रश्न समजून घ्यायची जी पद्धत त्यांनी वापरली, तिच्यात या शाळेचा वाटा मोठा आहे. मधली अनेक वर्षं ती शाळा बंद होती. २००५ मध्ये त्याच आवारात आनंद निकेतन नावाने मराठी माध्यमाची शाळा पुन्हा सुरू झाली. तिथली मुलं आजही शेतात राबतात, स्वयंपाक करतात, सूत काततात. सेवाग्रामला गेलात तर आश्रम आणि दवाखान्यासोबत ही शाळा चुकवू नका.

मेडिकल कॉलेजात मात्र बरंच बदललं आहे. पूर्वी इथली प्रवेशपरीक्षा स्वतंत्र होती आणि तिच्यात गांधीविचारांचा वेगळा पेपर असे. निदान परीक्षेसाठी का होईना, येणारा प्रत्येक जण गांधी वाचून येत असे. देशभरासाठी एकच 'नीट' परीक्षा आल्यावर तो पेपर गेला. पदव्युत्तर शिक्षणासाठी खेड्यात दोन वर्षं काम करण्याची इथली जुनी अट होती. तिच्यामुळे कित्येक तरुण डॉक्टर आडवळणाच्या दवाखान्यांत जाऊन राहिले. देशपातळीवरच्या एकाच गुणवत्ता यादीत अशा अटीला जागा उरत नाही. मला हे मोठं नुकसान वाटतं.

उलट दिशेनेही एक गोष्ट घडली आहे. १९४६ च्या भोर समितीने वैद्यकीय विद्यार्थ्याला समाजात नेऊन शिकवा असं सांगितलं होतं. १९७७ मध्ये मेडिकल कॉलेजांना प्राथमिक आरोग्य केंद्रं जोडून देण्याची योजना झाली आणि बहुतेक ठिकाणी ती कागदावरच विरली. आता २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला काही कुटुंबं दत्तक घेणं सक्तीचं केलं आहे. सेवाग्राम कित्येक दशकं जे करत आलं, ते आता मुंबईपासून गुवाहाटीपर्यंत सगळ्या कॉलेजांना करायचं आहे. त्यासाठी सकाळी बसमध्ये भरून मुलं गावात नेली, फॉर्म भरून घेतले आणि दुपारी जेवायला परत आणली, तर नियम पाळला जाईल आणि हाती काही लागणार नाही. मुक्काम करावा लागेल, त्याच घरी पुन्हा पुन्हा जावं लागेल आणि शिक्षकांनाही सोबत राहावं लागेल. ज्या कॉलेजांना हे मनापासून करायचं आहे, त्यांनी आपले दोन-चार प्राध्यापक सेवाग्रामच्या पुढच्या शिबिरात पंधरा दिवसांसाठी धाडावेत.