पापलेट घेताना

मागे एका रविवारी लालबागच्या बाजारात कोळीणमावशींनी माझ्यापुढे पापलेटांचा वाटा ठेवला. तळहातावर मावतील एवढीच पापलेटे. भावही मोठ्यांच्या निम्म्याहून कमी. तरी मी ती घेतली नाहीत. त्यामागचे कारण आज सांगायचे आहे.

गिरगाव-परळ-दादरच्या बाजारांत बरीचशी मासळी दोन धक्क्यांवरून येते: भाऊचा धक्का आणि कुलाब्याचा ससून डॉक. ससून डॉक 1875 मध्ये उभा राहिला तो कापसाच्या व्यापारासाठी. पुढे तो मासळीचा झाला. येथे ट्रॉलर लागतात. बर्फ भरून निघालेला ट्रॉलर कित्येक दिवस समुद्रात राहतो आणि तळाशी जाळे ओढत जातो. पर्ससीनचे जाळे माशांच्या थव्याला वेढा घालते आणि बटव्याचे तोंड आवळावे तसे खालून आवळले जाते.

वरळी, माहीम, कफ परेडच्या कोळीवाड्यांतल्या लहान होड्या किनाऱ्याजवळच राहतात. कोणी पाण्यात भिंतीसारखे जाळे सोडतो, कोणी डोल लावतो. डोल म्हणजे प्रवाहाच्या तोंडाशी बांधलेली लांबलचक पिशवी. उधाणाला पाण्याची ओढ जास्त, म्हणून मासळीही जास्त, भांगाला कमी. बोंबील, जवळा, करंदी मिळते ती मुख्यतः डोलीतच.

पण जवळ्यासाठी जाळ्याची भोके बारीक ठेवली, की पापलेटाची पिल्लेही अडकतात. ट्रॉलरच्या बारीक जाळ्यातही तेच होते. मासळी आटली तर मोठी बोट लांबच्या पाण्यात जाते. लहान होडीला तेवढे डिझेल परवडत नाही. तिची चूल आधी थंडावते.

कायदे आहेत. 1981 च्या कायद्यानुसार मासेमारीवर नियंत्रण आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध आले. 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरली. पापलेटासाठी ती 135 मिलिमीटर आहे, म्हणजे नेहमीच्या बॉलपेनाहून थोडी कमी. त्याहून लहान पापलेट एकदाही अंडी न घालता ताटात येते.

कोणी म्हणेल, मेलेले पिल्लू मी घेतले नाही म्हणून ते काय समुद्रात परत जाणार आहे? नाही जाणार. पण गिऱ्हाईक नसले तर लिलावात त्याला भाव येत नाही, आणि भाव नसलेल्या मासळीसाठी कोणी डिझेल जाळत नाही.

मावशींना मी हे सांगितले, तेव्हा त्या आधी रागावल्या. मग वाटा मागे ओढत म्हणाल्या, "तुमी लोक स्वस्तातलं मागता म्हणून मी आणते. मागू नका, मी पण नाय उचलणार."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)