दानाच्या पिशवीपासून धर्मादाय कचेरीपर्यंत

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा प्रॉटेस्टंट चर्चचं ऐक्य झालं आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली सीएनआय, स्थापन झाली. वाटाघाटी १९२९ पासून चालू होत्या. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की कळत्या वयात, बिशप हवा की नको, यावर चार दशकं खल झाला. बाप्तिस्म्याचा तोडगा तर मोठा समंजस निघाला: दोन्ही पद्धती मान्य, ज्याची जशी श्रद्धा. जमीनजुमला कायद्याने कोणाच्या नावावर चढणार, हा प्रश्न मात्र तेवढ्या नेटाने कोणी धसास लावला नाही, आणि त्याची किंमत काही मंडळ्या पुढे कित्येक वर्षं कोर्टात मोजत राहिल्या.

सीएनआयचा कारभार समजून घ्यायचा तर आधी तिची घडण बघावी लागते. अँग्लिकन परंपरेत बिशपचा शब्द वजनदार. प्रेस्बिटेरियन परंपरेत निवडून आलेल्या वडिलांच्या सभा निर्णय घेतात. काँग्रिगेशनल परंपरेत गावातली मंडळीच स्वतःची मालक, तिने ठरवलेला पाळक आणि तिने ठरवलेला खर्च. महाराष्ट्रात या तिन्ही परंपरा शेजारीशेजारी नांदत होत्या. नाशिकला अँग्लिकनांच्या चर्च मिशनरी सोसायटीचं काम होतं, कोल्हापूरला अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचं, आणि अहमदनगरला १८३१ पासून काँग्रिगेशनल वळणाच्या अमेरिकन मराठी मिशनचं. ऐक्य करताना बिशप ठेवला, पण त्याच्या भोवती समित्या बसवल्या. बिशप अध्यक्षस्थानी असतो, मात्र पैशाचा, मालमत्तेचा आणि नेमणुकांचा निर्णय एकट्याने घ्यायचा नाही, असं घटना सांगते. घटना काय सांगते आणि बैठकीत काय घडतं यात अंतर असतं, ते सगळीकडेच असतं.

रचना तीन थरांची आहे. खाली पॅस्टोरेट, म्हणजे एका पाळकाच्या देखरेखीखालची एक किंवा अनेक मंडळ्या. मध्ये डायोसिस किंवा धर्मप्रांत. मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, पुणे हे आपल्याकडचे. वर सिनॉड, तिचं कार्यालय दिल्लीत. सिनॉडची सर्वसाधारण सभा दर तीन वर्षांनी भरते आणि मॉडरेटर, उपमॉडरेटर, सरचिटणीस, खजिनदार हे पदाधिकारी ठरतात. मधल्या काळात कार्यकारिणी काम बघते. प्रत्येक थरावर पाळकवर्ग आणि साधे सभासद एकत्र बसतात. नवा बिशप हवा असेल तर डायोसिस नावांचं पॅनल वर पाठवतो आणि अंतिम निवड सिनॉडच्या पातळीवर होते.

आता पैसा. त्याचा प्रवास रविवारी सकाळी सुरू होतो. उपासना संपली की दानाच्या पिशव्या वेस्ट्रीत जातात. तिथे खजिनदार आणि त्याच्यासोबत आणखी एक जण बसतो. एकट्याने मोजायचं नाही, हा पहिला दंडक. नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी, आणि नाव लिहिलेली पाकिटं तिसरीकडे. पाकिटं मासिक वर्गणीची, दशांशाची किंवा उपकारस्तुतीची असतात: कोणाचं ऑपरेशन नीट पार पडलं, कोणाच्या मुलीला नोकरी लागली. पाकिटांची नावावर पावती फाडावी लागते. पिशवीतलं दान निनावी, त्याची नुसती बेरीज. मग रजिस्टरात तारीख, हजेरी, प्रभुभोजन घेतलेल्यांची संख्या आणि रक्कम चढते, खाली दोन सह्या. सोमवारी बँकेत भरणा. विजेचं बिल उद्याच भरायचं असलं तरी रविवारच्या रोकडीतून परस्पर द्यायचं नाही. आधी भरणा, मग चेक, आणि चेकवर पुन्हा दोन सह्या. कंटाळवाणी वाटते ही शिस्त, पण खजिनदाराची अब्रू तिच्यावरच टिकून असते.

वर्षातून एकदा हंगामाचा सण येतो. लोक धान्य, भाजी, कोंबडी, घरचं लोणचं घेऊन येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. बाजारात चाळीस रुपयांना मिळणारा भोपळा चारशेला जातो, आणि घेणारा तो घरी न नेता पुन्हा लिलावाला ठेवतो. लहान मंडळीचं वर्षाचं गणित पुष्कळदा या एका दुपारवर अवलंबून असतं.

पॅस्टोरेटच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा डायोसिसला जातो. त्याला असेसमेंट म्हणतात. त्यातून आणि डायोसिसच्या इतर उत्पन्नातून पाळकांचे पगार, कार्यालयाचा खर्च आणि कमजोर मंडळ्यांची मदत निघते. यामागचा विचार मला रास्त वाटतो. शहरातल्या जुन्या चर्चची मिळकत आणि खेड्यातल्या तीस घरांच्या मंडळीची मिळकत यांची तुलनाच नाही. पाळकाचा पगार त्या-त्या मंडळीवर सोडला तर खेड्यात कोणी जाणारच नाही. म्हणून डायोसिसमध्ये पाळकांची वेतनश्रेणी साधारण एकच ठेवतात, राहायला पार्सनेज देतात आणि काही वर्षांनी बदली करतात. श्रीमंत मंडळ्या कुरकुर करतात की आमच्या पैशावर इतरांचं चालतं. गरीब मंडळ्या म्हणतात, असेसमेंट भरून आमच्या हाती उरतं काय? दोघांचंही थोडं खरं आहे.

पैशाला मताधिकारही जोडलेला असतो. वार्षिक सभेत पॅस्टोरेट समिती निवडायला मत देणारा सभासद प्रभुभोजनाचा अधिकार असलेला हवा, यादीवर हवा आणि मंडळीला नियमित हातभार लावणारा हवा. त्यामुळे निवडणुकीच्या आधीच्या आठवड्यांत थकलेल्या वर्गण्या भराभर जमा होतात. खजिनदार तेव्हा मनातल्या मनात हसत असणार.

मिशनच्या काळात पगाराचा प्रश्न सोपा आणि म्हणूनच अवघड होता: पैसा परदेशातून येई, हिशेब मिशनरी ठेवत आणि पाळक त्यांचा नोकर असे. रेव्हरंड ना. वा. टिळकांना हे खुपलं. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. ख्रिस्ती मंडळी इथल्या माणसांच्या बळावर उभी राहावी, हा त्यांचा आग्रह होता. आजची असेसमेंटची पद्धत त्याच दिशेने जाते, टिळकांना तिच्यातलं कागदी काम कितपत रुचलं असतं ते सोडा.

सीएनआयच्या छत्राखाली काम करणारे सगळे एकाच नियमाने बांधलेले नसतात. दीक्षित पाळकाची नेमणूक बिशपच्या हातून होते, बदल्यांचा विचार पाळकवर्गासाठीची समिती करते, आणि त्याच्याविरुद्ध तक्रार आली तर आधी चर्चच्या अंतर्गत न्यायमंडळापुढे जाते. चौकीदार, कारकून, ड्रायव्हर हे सरळसरळ नोकर. मिशनच्या शाळांतले शिक्षक आणखी वेगळे: खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीचा महाराष्ट्राचा १९७७ चा कायदा त्यांना लागू आहे, अनुदानित शाळेत पगार सरकारी तिजोरीतून येतो, आणि बडतर्फीविरुद्ध दाद शाळा न्यायाधिकरणाकडे मागता येते. संविधानाच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपली शाळा चालवण्याचा हक्क दिला, पण त्या हक्कात शिक्षकाला मनमानी काढून टाकणं बसत नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने सक्तीची आहे. डायोसिसचं कार्यालय, शाळा, दवाखाना यांना त्यातून सूट नाही. बिशप स्वतः समित्यांचा अध्यक्ष असतो तिथे त्याच्या कार्यालयातली तक्रार कोण ऐकणार, हे आधीच लेखी ठरलेलं असावं. पाळकीय सल्ल्याने प्रकरण मिटवण्याची जुनी सवय अशा वेळी घातक ठरते.

इथवरचा कारभार समित्यांचा. खरी गुंतागुंत जमिनीपाशी सुरू होते, कारण समिती ठराव करते पण मालकी समितीकडे नसते. चर्चच्या इमारती, बंगले, शाळांची मैदानं, दवाखान्यांच्या जागा या वेगवेगळ्या विश्वस्त संस्थांच्या नावावर आहेत. मुंबईत बॉम्बे डायोसिसन ट्रस्ट असोसिएशन आहे. ऐक्यात सामील झालेल्या जुन्या युनायटेड चर्चच्या मालमत्तांसाठी युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया ट्रस्ट असोसिएशन. सिनॉडच्या पातळीवर चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ट्रस्ट असोसिएशन. शिवाय कुठे गावची मंडळीच स्वतंत्र न्यास म्हणून नोंदलेली असते. म्हणजे एकाच आवारात चर्च एका न्यासाचं, शाळा दुसऱ्याची आणि मधली विहीर कोणाची हे सात-बारा काढल्याशिवाय कळत नाही.

महाराष्ट्रात या न्यासांवर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची नजर असते. ख्रिस्ती धार्मिक न्यासांचा नोंदणी क्रमांक बहुधा ‘डी’ने सुरू होतो. धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट एकवर विश्वस्तांची नावं आणि न्यासाची मालमत्ता लिहिलेली असते. विश्वस्त बदलला, वारला, मुदत संपली, की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे. आणि कलम ३६ नुसार स्थावर मालमत्ता विकायची, बदलायची किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी हवी. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त किंवा बिगरशेती जागा आणि इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायची तरीही हवी. चर्चच्या जागा बहुतेक शहरांच्या मध्यावर असतात. बिल्डरला त्या दिसतातच, मग अशा वेळी कार्यकारिणीचा नुसता ठराव दाखवून करार करू पाहणारे निघतात. तो ठराव पुरत नाही.

१९७० च्या ऐक्याचं सगळ्यांत कडवट प्रकरण इथूनच उद्भवलं. गुजरातेतलं फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रेदरन सीएनआयमध्ये सामील झालं, तसा ठराव झाला, पण पुढे काही सभासद म्हणाले की आमचा न्यास विसर्जित झालेलाच नाही. वाद सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेला. २००५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की अशा न्यासाचा प्रश्न दिवाणी दाव्याने सुटणार नाही, त्यासाठी धर्मादाय यंत्रणा आहे. २०१३ मध्ये अधिक स्पष्ट निर्णय आला: नोंदणीकृत संस्था आणि न्यास निव्वळ ठराव करून दुसऱ्या चर्चमध्ये विलीन होत नाहीत, विसर्जनाची कायदेशीर पायरी न चढता मालमत्ता हस्तांतरित होत नाही. एका वेदीपाशी झालेलं ऐक्य उपासनेपुरतं खरं होतं. नोंदवहीत ते झालंच नव्हतं.

परदेशी पैशाचा मार्ग आता फारच अरुंद झाला आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय देणगी फक्त स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात स्वीकारता येते, ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि कार्यालयीन खर्चाला वीस टक्क्यांची मर्यादा आहे, जी आधी पन्नास टक्के होती. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने सीएनआयच्या समाजसेवा मंडळाची परकीय देणगीची नोंदणीच रद्द केली. वरून पैसा येईल आणि खाली वाटला जाईल ही जुनी साखळी तुटली, हे वाईट वाटलं तरी खरं आहे.

आतल्या गैरव्यवहाराचे आरोपही झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे मॉडरेटर असलेल्या जबलपूरच्या बिशपांना मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने नागपूर विमानतळावर अटक केली; शाळांच्या फीचा पैसा वळवल्याचा आरोप होता. आरोप शाबित होणं न होणं हा न्यायालयाचा विषय. पण रचनेचा दोष त्याआधीही दिसत होता. डायोसिसच्या समितीत जी माणसं, तीच शाळेच्या मंडळावर आणि तीच ट्रस्टवर, मग हिशेब मागणारा आणि देणारा एकच होतो. घटनेत समित्या भरपूर आहेत, पण एका माणसाने किती ठिकाणी बसावं याला लगाम घातल्याशिवाय त्या एकमेकींवर देखरेख करू शकत नाहीत.

मंडळीच्या सभासदाला ही देखरेख करायला वकील लागत नाही. वार्षिक सभेत तपासलेला ताळेबंद मागा आणि असेसमेंट भरल्याची पावती बघा. चर्चची जागा कोणत्या न्यासाची आहे ते विचारून घ्या आणि धर्मादाय कार्यालयातून त्या न्यासाच्या परिशिष्ट एकचा उतारा काढा. विश्वस्तांच्या यादीत दहा वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं नाव अजून असेल, तर पुढच्या सभेत पहिला प्रश्न तोच विचारा.